लाल दाण्यांतली लाल काच

रंगूबाईंनी डाळिंबाच्या पाठीवर चमच्यानं दोन टोले दिले की दाणे मुकाट ताटात उतरायचे. बारा वर्षं ऊस तोडलेला हात, पण दाणा एक चेचायचा नाही. कोल्हारच्या डाळिंब सोलायच्या कारखान्यातून दाणे डब्यांत बसून दुबईला जायचे. "आमी शिर्डीच्या पल्याड न्हाई गेलो, आन ह्ये इमानात बसत्यात," असं त्या कौतुकानं म्हणायच्या.

आत जाताना टोपी, हातमोजे, झगा, आणि बांगड्या दारातल्या खिळ्याला. रंगूबाई अडल्या त्या बांगड्यांपाशी. नवरा गोरक्षनाथ एकटा ऊसतोडीला गेलेला, आणि इकडे आपण भुंड्या हातानं? मग मढीच्या जत्रेत त्यानं घेतलेली एक लाल बांगडी त्या कोपरापर्यंत चढवायच्या, रुमालानं बांधायच्या आणि वरून बाही ओढायच्या. दिवाळीपासून कुणाला पत्ता नव्हता.

जानेवारीत एकदा क्रेट उचलताना बाहीत कट् झालं. चहाच्या सुट्टीत त्यांनी मोरीवर रुमाल सोडला. दोन तुकडे निघाले. जुळवून पाहिले, तर करंगळीच्या पेराएवढी जागा रिकामी!

हिरवी असती तर दाण्यांत दिसली तरी असती. माल तपासायचं यंत्र होतं, पण ते लोखंड शोधायचं. काचेशी त्याचं काही भांडण नव्हतं.

"काय गं रंगे, त्वांड का उतरलंय?" शेजारच्या मेरीमावशींनी विचारलं. "कारभारी सपनात आला व्हय?"

"डोस्कं दुखतंय."

बोललं तर काम जाणार. 'पुढच्या साली कोयता न्हाई धरायचा' असं नवऱ्याला त्यांनीच बजावलेलं. न बोललं तर परमुलखातलं कुणाचं तरी पोर चमचा तोंडात घालणार. दाण्यांची गाडी पाचला सुटायची होती. साडेचारला रंगूबाई माल तपासणाऱ्या रोहिणीपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि नुसता रुमाल उघडला.

अठरा बायांचं दिवसाचं काम कारखान्यामागच्या खड्ड्यात ओतलं गेलं. गुरांनाही घालता येईना. एकीनं तरी शिवी घालायची! कुणी घातली नाही. मेरीमावशींनी उलट आपल्या डब्यातली अर्धी भाकरी पुढे केली.

घरी जाऊन त्यांनी चोळी झटकली, आणि काखेच्या शिवणीतून तुकडा टपकन फरशीवर पडला. म्हणजे माल चोख होता. तो तुकडा चुलीत टाकला असता तर जगात कुणाला कळलं नसतं.

सकाळी त्यांनी तो मेरीमावशींच्या हातावर ठेवला.

मावशींनी तो उजेडाला धरून पाहिला. "आगं बये! म्हंजी काल खड्ड्याकाठी बसून पोटभर खाल्लं असतं तरी चाललं असतं की!"

बाया हसल्या. रंगूबाई तेवढ्या रडल्या.

रोहिणी म्हणाली, "रंगूबाई, कामावरून काढत नाही. पण आजपासून दारात उभ्या राहा. प्रत्येकीचा हात तुम्ही तपासायचा."

आता नवरा तोडीला गेलेली पाथर्डीकडची नवी बाई आली, की रंगूबाई आधी तिचं कोपर चाचपतात. लागलीच बांगडी हाताला, तर ओरडत नाहीत. साबण लावून हळूच उतरवतात, आपल्याच पदराला बांधतात, आणि सुट्टी झाली की तिच्या हातात स्वतः चढवतात. तिचा हात भुंडा असेतोवर तिच्या तोंडाकडे मात्र त्यांना बघवत नाही.