टँकरच्या टेबलावरचे जुळे आकडे

दुसऱ्यांचे किस्से आपण चहाच्या टपरीवर सांगून मोकळे होतो. आपली जिथं शोभा झाली ते मात्र कुणाला सांगत नाही, म्हणून ते साठत जातात. माझ्याकडे एकाच उन्हाळ्याचे असे बरेच साठलेत, आणि सगळे एकाच टेबलावरचे आहेत.

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याची कचेरी. नाव सांगत नाही, लाज वाटते. दुष्काळाचं साल होतं, लातूरला पाणी रेल्वेनं येत होतं आणि माझ्याकडे टँकरचं टेबल होतं. कुठल्या गावाला किती खेपा, तो तक्ता मी मांडायचा. व्हरांड्यात माणसं सकाळपासून बसलेली असायची. आत आम्ही तिघं: मी, हेडक्लार्क बिराजदार अण्णा आणि कॉम्प्युटरवरचे शेखभाई.

*

शेखभाईंची मुलगी पाचवीत. तिचं कोड्यांचं पुस्तक ते एक दिवस ऑफिसात घेऊन आले. सुडोकूच, पण लहान पोरांची: सहा बाय सहा घरं, आकडे एक ते सहा, आडव्या-उभ्या ओळीत आणि जाड चौकटीत आकडा दोनदा यायचा नाही. शिवाय दोन तुकडे करड्या रंगाचे, आकारानं अगदी जुळे. एकात ज्या जागी जो आकडा, दुसऱ्यात त्या जागी तोच. वर ठळक अक्षरात लिहिलेलं, 'नवशिक्यांसाठी'.

मी बी.एस्सी. माणूस. म्हणालो, द्या इकडं, पाच मिनिटांचं काम आहे. त्यात दोन दिवस गेले. जुळे म्हणजे आरशातल्यासारखे, असं मी धरून चाललो होतो आणि डावीकडचं उजवीकडं लिहीत होतो. शेवटी शेखभाईंनी मुलीला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. सगळं ऐकून ती म्हणाली, "अंकल, आरसा नाही. झेरॉक्स!"

व्हरांड्यातली माणसंसुद्धा हसली. कशाला हसतोय ते त्यांना ठाऊक नव्हतं.

*

अण्णांची पद्धत निराळी. त्यांनी एक कोडं सव्वा मिनिटात भरून माझ्यापुढं सरकवलं. बघतो तर एकाच ओळीत दोन चौके. मी बोट ठेवलं. अण्णांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "असू द्या. विशेष बाब म्हणून मंजूर."

*

त्या दिवसांत नवा जिल्हा होणार अशी जोरात हवा होती. आपला तालुका जुन्यात राहतो की नव्यात जातो, बदली कुठं होते, हाच विषय. एका दुपारी मोठे साहेब अचानक आत आले. अण्णांनी कोडं मोठं करून कागदावर काढलं होतं, ते टेबलावर उघडंच पडलेलं. साहेब ते दोन करडे तुकडे बराच वेळ न्याहाळत उभे राहिले. मग आवाज बारीक करून विचारलं, आपला तालुका कुठल्या तुकड्यात?

अण्णांनी चेहरा न हलवता खालच्या तुकड्यावर बोट ठेवलं.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "पण हे बाहेर जाता कामा नये."

*

घरीही तेच. आमच्या गल्लीत पाणी आठ-दहा दिवसांतून एकदा यायचं. त्या दिवशी बायको दवाखान्यात गेली होती, नळावर लक्ष ठेवायला मी होतो. मी एका करड्या तुकड्यात अडकलो आणि नळ येऊन गेला. बायकोला शेजारणीकडून चार घागरी मागून आणाव्या लागल्या. शेजारीण विचारत होती, भाऊजी सारखे पुस्तकात दिसतात, कसली परीक्षा देतायत का?

बायको म्हणाली, "हो. पाचवीची."

त्यानंतर महिनाभर मी त्या बाईंसमोर मान वर केली नाही.

*

तरीही सोडलं नाही, हे खरं लाजेचं. मे महिन्यात मला ते जमायला लागलं होतं. एका तुकड्यात आकडा सापडला की दुसऱ्यात फुकट मिळतो, त्याची गोडी लागली होती. अण्णा आणि शेखभाई जेवायला गेले होते आणि मी तक्ता बाजूला सारून कोडं घेऊन बसलो होतो.

दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. इंदूबाई. बौद्ध वस्तीवरची, तिसऱ्यांदा आलेली. तिचं म्हणणं मला पाठ होतं: टँकर गावातल्या विहिरीत रिकामा होतो आणि वस्तीवर येतो तेव्हा तळाला घागरभरसुद्धा उरत नाही. वस्तीला वेगळी खेप लावा, एवढंच मागणं. दोन्ही वेळा मी 'बघतो' म्हणालो होतो. बघितलं नव्हतं.

मी मान वर केली नाही. एवढी ओळ पुरी करू, मग बोलू, असा विचार केला. तिच्या मागून कुणीतरी कुरकुर करायला लागलं. तर ती त्यांनाच दबक्या आवाजात म्हणाली, "गप बसा जरा. साहेब पाणी वाटायलेत."

मला तेव्हाच पुस्तक मिटायला हवं होतं. हातच हलला नाही. ती जवळ आली, टेबलावर वाकली आणि त्या करड्या तुकड्यांकडं बोट करून विचारलं, हे काय हाय? एक गाव अन् एक आमची वस्ती का?

मी मान हलवली. का हलवली, देव जाणे.

तिला आकडे वाचता येत होते. एका तुकड्यावरून बोट फिरवलं, मग दुसऱ्यावरून. पुन्हा पहिल्यावरून. ओठ हलत होते.

"दोन्हीकडं सारखंच हाय," ती म्हणाली. "इतक्या सालात पैल्यांदाच सारखं आलं बघा."

तिनं पदरानं डोळे पुसले, माझ्या हाताकडं बघितलं आणि हात जोडले.

"साहेब, पेन्सिलीनं नका लिवू. पेनानं लिवा. पेन्सिलीचं मागून कुणीबी खोडतंय."