दात बघून सुटलेला आरोपी

गुरांना लस न टोचताच ती टोचल्याचे लिहून एका सरकारी कर्मचाऱ्याने अख्ख्या गावाला फसवले, आणि कोठडीत बसला त्या गावचा गुराखी. ऐंशीच्या दशकातली ही घटना मी विसरलेलो नाही, आणि विसरायची माझी तयारीही नाही.

तेव्हा मी ब्रह्मपुरीकडच्या धानपट्ट्यात एका लहान ठाण्याचा फौजदार होतो. आषाढातल्या एका सकाळी चिखलाने माखलेला पोलीस पाटील सायकल ढकलत आला. तीन दिवसांत गावातली सात जनावरे मेली होती. गुराख्याने विष घातले असा संशय होता आणि लोक त्याचे हातपाय मोडायच्या बेतात होते. स्टेशन डायरीत नोंद केली आणि निघालो.

पिंपळाखाली गाव जमले होते. मधोमध काठीला टेकून साठीचा गुराखी बसला होता. त्याच्या घरच्यांनी बौद्ध झाल्यावर मेलेली ढोरे ओढायचे काम सोडले होते, त्याचा राग काहींच्या पोटात अजून होता. पुरावा म्हणून त्यांनी त्याच्या पिशवीतली पांढरी पूड माझ्यापुढे धरली.

"मीठ हाये साहेब. मिठासाठी ढोरं मांगं येतात." त्याने चिमूटभर स्वतः खाल्ले आणि पिशवी माझ्यापुढे केली. "घ्या ना."

लोक हसले, पण हटले नाहीत. त्यांना संध्याकाळपर्यंत कबुली हवी होती. मी माणूस सौद्याचा. पोलिसात येण्याआधी बैलबाजारात दलालाच्या हाताखाली राबलो, रुमालाआड बोटे दाबून भाव करायला शिकलो. मी चार दिवस मागितले, आवाज चढवला, निघून जायचे नाटकही केले. शेवटी दोन दिवसांवर जमले. तोवर गुराखी माझ्या कोठडीत राहील आणि त्याच्या घराकडे कोणी फिरकणार नाही.

चौकशीत मी टेबल आपटले, ओरडलो. माझ्या रागाला ठाण्यातले हवालदारही भीत. म्हातारा शांतपणे म्हणाला, "माह्या ढोरायले आता कोन चारून राह्यला साहेब?" विष घालणाऱ्याला ही काळजी कशाला पडेल?

दुसऱ्या दिवशी आणखी एक गोऱ्हा मेला. गुराखी तर कुलपात होता. पंचनाम्याला गेलो आणि जुन्या सवयीने आधी गोऱ्ह्याचे तोंड उघडले. आदत, म्हणजे दुधाचे दातही न पडलेला. बाकीची सात गावाने नाल्याकाठच्या खोलगटात नेऊन टाकली होती. नाकाला रुमाल बांधून त्यांचेही दात पाहिले. आदत, दोन दाती, पुन्हा आदत. सगळी कोवळी, सगळी अंगाने भरलेली. त्याच कुरणात चरणारे हाडकुळे म्हातारे बैल मात्र मजेत रवंथ करत होते. विष काही दात मोजून मारत नाही.

तालुक्याच्या पशुवैद्यांना जीप हवी होती, माझ्याकडे मोटारसायकल होती. मागची सीट आणि दोन कप चहा यावर ते आले. त्यांनी गोऱ्ह्याची सुजलेली मांडी दाबली, तर सुक्या पानांवर पाय पडावा तशी आत चरचर वाजली.

"विष नाही, फऱ्या आहे," ते म्हणाले. "तुमच्याकडे एकटांग्या म्हणतात. जनावर एका पायाने लंगडते आणि एक-दोन दिवसांत जाते. धनुर्वाताच्या जंतूचाच हा भाऊबंद. हवेत वाढत नाही, पण मेल्या जनावरातून मातीत उतरला की कवच करून वर्षानुवर्षे पडून राहतो. पुढे गवताबरोबर पोटात जातो." मग खोलगटाकडे पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. काम सोडणाऱ्यांवर रागावलेल्या गावाने मेलेले प्रत्येक ढोर कुरणाच्या तोंडाशीच टाकले होते.

याची लस पावसाआधी टोचतात, असेही ते म्हणाले. त्यांच्या दवाखान्याच्या रजिस्टरात तर वैशाखातच गावातली झाडून सारी जनावरे टोचल्याची नोंद होती. मी ती गुराख्याला वाचून दाखवली. कोठडीत पहिल्यांदाच तो हसला.

"वैशाखात ढोरं मोकाट रायतात साहेब, जंगलात. मी मिरगापासून कामाले लागतो. गावात ढोरच नोयतं, त टोचलं कोनाले?"

त्या क्षणापासून मी त्याला भाऊ म्हणू लागलो. ठाण्यात त्याला चहा पाजला आणि स्वतः गावी नेऊन सोडले. लस आली, उरलेली गुरे टोचली गेली. गावाने त्याला उद्यापासूनच कामावर यायला सांगितले. पण दोन दिवस माझ्या सहवासात राहून भाऊ सौदा शिकला होता.

"आंधी खड्डे खोदा, मेलेली ढोरं चुना टाकून खोल गाडा," तो म्हणाला. "मंग सोडतो ढोरं." सगळ्यात मोठ्याने ओरडणाऱ्यांच्याच हातात त्याने फावडी दिली. असा चोख सौदा बाजारातही पाहिला नव्हता.

माणसाला दरडावण्याआधी मेलेल्या जनावराचे तोंड बघावे, हे मी त्या आषाढात शिकलो. खोट्या नोंदीचा अहवाल मी वर पाठवला. विषय पोलिसांच्या कक्षेबाहेरचा आहे असे उत्तर आले, आणि टोचणीवाल्याची सोयीच्या गावी बदली झाली. पण त्या नोंदीखाली त्याच खात्यातल्या वरच्या एका साहेबांची सही होती, 'प्रत्यक्ष पाहणी केली' म्हणून. एक निरपराध म्हातारा ज्या नोंदीपायी दोन रात्री कोठडीत राहिला, ती तपासताना त्या साहेबांनी वैशाखातल्या रिकाम्या गोठ्यांत नेमके काय पाहिले, ते त्यांनी सांगावे. मी निवृत्त झालो असलो तरी उत्तर घ्यायला घरीच असतो.