तोंड बंद, पाय चालू

जुन्नरला सकाळी शाळेच्या मैदानावर फिरायला जाणाऱ्या आम्हा म्हाताऱ्यांची मध्यंतरी फुकटात करमणूक होत असे. भरतीची तयारी करणारी पोरं ओळीत उभी राहायची आणि एकेक जण पुढे येऊन बेंबीच्या देठापासून ओरडायचा, "उस्ताद, मेरी तबियत ठीक नहीं है!" चांगली धडधाकट पोरं, त्यांना कसला आलाय आजार. फिरायला आलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. समोर कमरेवर हात ठेवून उभे असलेले हरिभाऊ हवालदार म्हणायचे, "ऐकू नाय आलं. मी तोफंजवळ नोकरी केलीय, मला बहिरा समज. फिरून सांग." ज्याला हे मोकळ्या गळ्यानं म्हणता येत नसे, त्याला ते त्या दिवशी धावू देत नसत.

हरिभाऊ पिंपळवंडीचे. पेन्शनीत आल्यावर शेतात रमले नाहीत. मुलगा टोमॅटो बघायचा आणि मला म्हणायचा, "काका, यांना तुमच्याकडं जुन्नरलाच ठेवून घ्या. हे रोपांना बी सावधान करत्यात." म्हणून रोज पहाटे मोटरसायकलवर जुन्नरला यायचे आणि पोरांना पळवायचे, एक पैसा न घेता. मी एसटीत कंडक्टर होतो. लोकांवर ओरडण्यातच माझी हयात गेली, त्यामुळे आमचं पहिल्या दिवसापासून जमलं. फक्त हा गृहस्थ खाली बसायचा नाही. टपरीवर मी बाकावर बसून चहा प्यायचो आणि हे कप हातात घेऊन माझ्यापुढे येरझारा घालायचे. "अहो बसा की, मान दुखली माझी इकडं तिकडं बघून," म्हटलं की म्हणायचे, "बसलं की गुडघं वाजत्यात राव."

पण ती आरोळी नंतरची. आधी त्यांचं मैदानावरचं वाक्य वेगळंच होतं: "तोंड बंद, पाय चालू." पोराच्या पोटात कळ आली, तोंड बंद, पाय चालू. पायाची नखं उखडली, तोंड बंद, पाय चालू. भरती झालेल्या पोरांना निरोप देतानाही हेच. वर आणखी एक कानमंत्र द्यायचे, "तिथं काय बी झालं तरी सिक रिपोर्ट करायचा नाय. आजारी म्हणून नाव लागलं की मागल्या बॅचला टाकत्यात. बरोबरची पोरं वर्दी घालून घरी जात्यात आन् तू तिथंच. मग गावात कसं तोंड दावशील?" पोरं माना डोलवायची. खेड्यातल्या पोराला मरणापेक्षा गावात तोंड दाखवण्याची भीती जास्त असते. मी कधी त्यात काही वावगं पाहिलं नाही. मला तर तो बाणा आवडायचा.

त्या पोरांत तळेघरच्या वरच्या वाडीतला सोमनाथ होता. बाप लहानपणीच गेलेला, आई भात आणि नाचणी करायची. एसटी पकडायलाच डोंगर उतरून यावं लागे, त्यामुळे धावणं त्याला शिकवावं लागलंच नाही. जुन्नरच्या बाजारात एका किराणा दुकानात पोती उचलायचा आणि दुकानातच झोपायचा. बोलणं मात्र असं कमी, की त्याच्याकडून "होय" काढायलाही चिमटा घ्यावा लागे. एकदा अंगठ्यात काच घुसली तरी गडी तसाच पळाला. मैदानाच्या मातीवर रक्ताचे ठिपके दिसले तेव्हा कुठे आम्हाला कळलं. हरिभाऊंनी त्याला पुढं उभा करून बाकीच्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. "ह्याला म्हंत्यात जवान," म्हणाले. अग्निवीर म्हणून त्याचं नाव लागलं तेव्हा हरिभाऊंनी पेढे वाटले, आणि हसताना त्यांच्या पडलेल्या दातांच्या फटी मला पहिल्यांदा दिसल्या.

पुढच्या उन्हाळ्यात फोन आला. ट्रेनिंगमध्ये सकाळच्या धावण्यात सोमनाथ पडला, तो उठलाच नाही. हृदय बंद पडलं, असं सांगण्यात आलं. आता मला सांगा, मेलेल्या प्रत्येक माणसाचं हृदय बंदच पडलेलं असतं. विसाव्या वर्षी, खेळत डोंगर उतरणाऱ्या पोराचं ते का बंद पडलं, एवढं विचारलं की समोरचा माणूस घड्याळ बघायला लागायचा. पेटी तळेघरला आली. फलक लागले. मग टपरीवर दोघांत वाद सुरू झाला, की ट्रेनिंगमध्ये गेलेल्याला शहीद म्हणायचं का नाही. मी दोघांना शिव्या घालून हाकलून दिलं. पोर कशानं गेलं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्याला काय म्हणायचं यावर हे भांडत होते.

सोमनाथच्या आईनं, हिराबाईनं, येणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारलं, "त्याला काय झालं व्हतं?" सरपंचाला विचारलं, पेटीबरोबर आलेल्या जवानांना विचारलं, मलाही विचारलं. हरिभाऊंना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "मी शोधून सांगतो." त्या दिवसापासून त्यांचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. ट्रेनिंगच्या गावी दोनदा जाऊन आले. चौकशी चालू आहे, एवढंच कानावर घेऊन परतले. दिसेल त्या डॉक्टरला अडवायचे. डॉक्टर म्हणायचे, ऊन असेल, अंगात ताप असेल, जन्मापासूनचा दोष असेल, कागद बघितल्याशिवाय काय सांगणार. आणि कागद काही मिळत नव्हते.

मग सोमनाथच्याच तुकडीतला साताऱ्याकडचा एक मुलगा सुट्टीवर आला. हरिभाऊ त्याच्या गावी गेले आणि आले ते थेट माझ्या दारात. आत या म्हटलं तर येईनात. अंगणातल्या अंगणात फिरत राहिले. शेवटी मी त्यांचा दंड धरला.

"ताप व्हता त्याला," म्हणाले. "आदल्या दिसापासून. शेजारच्या खाटेवरचं पोर म्हनलं, सिक रिपोर्ट कर. तर ह्यो म्हनला, आमच्या गावचे उस्ताद सांगत्यात, तोंड बंद, पाय चालू."

मी म्हटलं, "हरिभाऊ, एवढ्यानं माणूस मरत नाही. तिथं कुणी जास्त पळवलं असेल, पाणी दिलं नसेल. तुम्हाला काय माहीत?"

"तेच म्हंतो ना. ताप व्हता म्हून गेला, का ऊन व्हतं म्हून, का कुणी बघितलंच नाय म्हून, ते मला ठाऊक नाय. पर तिथं माझं वाक्य व्हतं. मी नव्हतो, माझं वाक्य व्हतं."

मैदान त्यांनी बंद केलं. पोरं दुसरीकडे, फी घेणाऱ्या क्लासात जाऊ लागली. एकदा आम्ही रस्त्यानं चाललो असताना तिथलं एक पोर कडेला ओकताना दिसलं, आणि त्याचा मास्तर मागून ओरडत होता, "रडू नको, पळ." हरिभाऊ जागीच थांबले. दुसऱ्या दिवशी पहाटे ते मैदानावर हजर, आणि तेव्हापासून ती आरोळी सुरू झाली. हिंदीत का, तर लष्करात ट्रेनिंग देणाऱ्या उस्तादाला हिंदी कळते. "आमच्या पोरांना पळायला येतंय," मला म्हणाले, "दुखतंय म्हनायला येत नाय. ती प्रॅक्टिस कुणी घ्यायची?" लोक हसले तरी त्यांना फिकीर नव्हती.

राहिली हिराबाई. मी हरिभाऊंना परोपरीनं सांगितलं, की जाऊ नका, त्या माउलीला आणखी कशाला पोळता. खरं तर मला काळजी हरिभाऊंचीच होती. तिनं तळतळाट दिला असता तर हा माणूस त्यातून उठला नसता. ते म्हणाले, "तिनं इचारलंय. मला थोडं कळलंय. मी कसा गप बसू?" तेव्हा मग मीही माझा फुकटचा पास खिशात टाकला. एसटीत जागा असूनही हरिभाऊ घोडेगावपासून तळेघरपर्यंत दांडी धरून उभेच होते. कंडक्टर मला विचारतो, "पावणं आजारी हायेत का?" तळेघरला उतरून आम्ही वाडीची वाट चढलो.

हिराबाई अंगणात हिरडा वाळत घालत होती. आम्हाला पाणी दिलं आणि पुन्हा खाली बसून हिरडा पसरायला लागली. हरिभाऊंनी उभ्यानंच सगळं सांगितलं. ताप सांगितला, साताऱ्याचं पोर सांगितलं, आपलं वाक्य सांगितलं. एक शब्द मऊ केला नाही. मी खाली मान घालून बसलो होतो.

बराच वेळ तिचा हात हिरड्यावरून फिरत राहिला. मग तिनं विचारलं, "ताप व्हता म्हंता. मग त्याच्या कपाळाला हात कुणी लावला का?"

हरिभाऊ गडबडले. "ते नाय इचारलं मी."

"न्हाई, झोपताना तरी कुणी बघितलं का, एवढंच." तिनं एक ओला हिरडा उन्हाकडं सरकवला. "तुमी गप ऱ्हायला शिकीवलं म्हंता. म्या काय येगळं केलं? भाताच्या आवणीच्या दिसात अंग फणफणलं तरी म्या त्याला चिखलात उभा केलाय. माणूसच नव्हतं दुसरं. त्यो काय बोलला न्हाई, आन् म्या बी म्हनलं, गुणाचं हाय पोर."

हरिभाऊ तिच्यासमोर मातीत मांडी घालून बसले. एवढ्या वर्षांत त्यांना खाली बसलेलं मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. दोघांपैकी कुणी रडलं नाही. रडलो तो मी, आणि मलाच त्याची लाज वाटली. थोड्या वेळानं हिराबाई हात झटकून म्हणाली, "कुठं इचारायचं असतं ते? मला न्या."

पुढं पुण्याच्या एका लष्करी कचेरीत त्या दोघांच्या फेऱ्या सुरू झाल्या. ती वाडीतून चालत तळेघरला यायची आणि एसटीनं मंचरला उतरायची. हे तिथं उभे असायचे. पहिल्या खेपेला तिथल्या साहेबानं हरिभाऊंना विचारलं, "तुम्ही मयताचे कोण?" हे म्हणाले, "त्याला गप बसायला शिकीवलं, तो मी. म्हून बोलायला आलोय." साहेबाला काय लिहावं कळेना. शेवटी त्यानं "ओळखीचे" असं लिहिलं. हिराबाईला मात्र तिथं शब्द फुटत नसे. ती पदर धरून उभी राही आणि सगळं बोलणं हरिभाऊच करत.

गेल्या थंडीत हरिभाऊ गेले. साधा न्यूमोनिया. मुलानं लगोलग नारायणगावला दवाखान्यात नेलं होतं. मी खाटेशेजारी होतो. नर्स सारखी येऊन हात लावून बघत होती, सलाईन बदलत होती, काय दुखतंय विचारत होती. ते माझ्याकडे बघून एकदाच म्हणाले, "माझ्याजवळ किती माणसं हायेत, बघा." मी तोंड फिरवलं. त्यांच्या मातीला जुन्या नव्या बॅचची पोरं आली होती. सोमनाथचे कागद तोवर आले नव्हते. आजही आलेले नाहीत.

मला वाटलं, आता हिराबाई घरी बसेल. पण तिचा फोन आला, "दादा, तुमी येता का? मला पाटी वाचता येत न्हाई." मग मी गेलो. खिडकीशी पोचल्यावर मी घसा खाकरून बोलायला सुरुवात केली, तर तिनं मला हातानं मागं सारलं. साहेब मान वर न करता म्हणाला, "ते हवालदार आले नाहीत का आज?"

"ते वारलं," हिराबाई म्हणाली. "माझा पोरगा सोमनाथ. त्याला ताप व्हता. त्याला कुणी बघितलं व्हतं का, आन् त्याला काय झालं व्हतं, ते सांगा."

सगळी कचेरी वळून बघायला लागली. तिचा आवाज असा डोंगरावरून पलीकडच्या शेतातल्या माणसाला हाक मारावी तसा निघाला होता. साहेबानं पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, "बाई, जरा हळू बोला."

"न्हाई," हिराबाई म्हणाली. "हळूच बोलत आलोय आमी आजवर."