फेसाला जागा

बाटलीच्या गळ्याखाली चार बोटं आडवी धरून ते म्हणायचे, "एवढं मोकळं सोडायचं. फेसाला जागा लागते गं."

जोगेश्वरीला आमच्या बिल्डिंगमध्ये ते समोरच्याच दारात राहायचे. कॉलेजच्या लॅबमधून असिस्टंट म्हणून रिटायर झालेले. मी त्यांना काका म्हणायचे. मूलबाळ नव्हतं. काकूंना झटका आला, उजवी बाजू गेली आणि तोंडात एकच शब्द उरला, 'नको'. चहा हवा असला तरी नको, पंखा हवा असला तरी नको. कुठल्या नकोचा काय अर्थ, हे फक्त काकांना कळायचं. "आता हो म्हणाली ती," असं ते सांगायचे, आणि काकू खरंच कपभर चहा प्यायच्या.

काकूंचं लहानपण आरे कॉलनीच्या झाडीत, तिथल्या क्वार्टर्समध्ये गेलेलं. हिरवं काही दिसावं म्हणून काकांनी त्यांच्या पलंगाशेजारी, पडल्यापडल्या नजर जाईल अशा उंचीवर माशांची टाकी मांडली होती. मासे सातच. खरी हौस पाण्यातल्या झाडांची. या झाडांना कार्बन डायऑक्साइड लागतो, तो काका घरीच तयार करायचे. कोल्ड्रिंकच्या बाटलीत साखर, कोमट पाणी आणि चिमूटभर यीस्ट. यीस्ट साखर खातं आणि गॅस सोडतं, तो सलाइनच्या नळीतून टाकीत जातो. बुडबुडे बारीक यावेत म्हणून नळीच्या टोकाला सिगारेटचा फिल्टर. जन्मात विडी न ओढलेला हा माणूस त्यासाठी पानवाल्याकडून सिगारेट आणायचा आणि उरलेली वॉचमनला द्यायचा. असे खटपटे लोक तुमच्याही शेजारी असतील.

मे महिन्यात काकांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. काकूंसाठी चोवीस तासांची बाई ठेवली आणि बाटली माझ्याकडे आली. जाताना त्यांनी मला सगळं दोनदा समजावलं. मी "हो काका, कळलं" म्हणत राहिले.

चौथ्या दिवशी बुडबुडे मंदावले. मला ऑफिसला उशीर होत होता. मी घाईघाईत नवी बाटली भरली, यीस्ट अंदाजाने ओतलं, पाणी पार गळ्यापर्यंत घातलं आणि गेले.

संध्याकाळी परत आले तर टाकीतलं पाणी ताकासारखं झालेलं. फेस वर चढून नळीतून टाकीत उतरला होता. सातही मासे पोट वर करून तरंगत होते.

"सकाळपासूनच वर येऊन तोंड उघडत होते," बाई म्हणाली. "मला वाटलं भूक लागली. मी खायला टाकलं. आणि ताई, आज काकूंनी जेवणाला हात नाही लावला. दिवसभर आपलं नको, नको, नको."

काकूंकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. टाकी हातभर अंतरावर होती. त्यांनी सगळं शेवटपर्यंत पाहिलं होतं, आणि ओरडून सांगितलंही होतं.

मी पाणी बदललं, दुकानातून तसेच सात मासे आणून सोडले आणि गप्प बसले.

काका घरी आले. टाकीकडे बराच वेळ बघून म्हणाले, "छान ठेवलीस." मी मान हलवली. काकू माझ्याकडे टक लावून बघत होत्या.

आठवड्याने काकांनी मला बोलावलं आणि रिकामी बाटली माझ्यापुढे ठेवली. "भर."

मी पाणी ओतायला लागले. अर्ध्यावर हात थांबला. "काका, ते मासे माझ्यामुळे मेले."

"माहितीये. आपल्या माशांतल्या एकाची शेपटी तुटलेली होती. हे सगळे धडधाकट आहेत." त्यांचा आवाज चढला नाही. "मला फसवलंस त्याचं काही नाही. पण हिच्यासमोर झालं ना सगळं. तिची माफी माग."

मी पलंगाजवळ गेले, काकूंचा हात हातात घेतला. "काकू, चुकलं माझं."

काकू म्हणाल्या, "नको."

मी काकांकडे वळून पाहिलं. ते नळीला फिल्टर बसवत होते. त्या नकोचा अर्थ त्यांनी सांगितला नाही, आणि मला विचारवला नाही. पुढे जवळजवळ तीन महिने ते मला समोर बसवून बाटली भरायला लावत होते. का, ते गणपतीच्या आधी कळलं. ऑपरेशनचा उपयोग झालेला नाही, हे त्यांना ठाऊक होतं. एका सकाळी चहा गाळता गाळता ते ओट्यापाशीच कोसळले.

दहनानंतरही काका गेल्याचं काकूंना कोणी नीट सांगितलंच नाही. मी रोज जायचे. त्या टाकीकडे बघेनाशा झाल्या. मी मुद्दाम नवी बाटली लावली, बुडबुडे नीट चालू केले, "बघा काकू," म्हटलं. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि मी निघेपर्यंत उघडले नाहीत.

तेराव्यानंतर काकांचा भाचा काकूंना साताऱ्याच्या एका वृद्धाश्रमात न्यायला आला. खुर्चीवर बसवून त्याने आणि ड्रायव्हरने त्यांना खाली आणलं. ॲम्ब्युलन्समध्ये स्ट्रेचरवर ठेवताना मी चादर नीट करायला वाकले, तेव्हा काकूंनी चांगल्या हाताने माझी ओढणी धरली. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला.

"मामी, सोड आता," भाचा म्हणाला.

त्यांनी सोडली नाही. शेवटी त्याने एकेक बोट उलगडून ती सोडवली.