रांजणापाशी

देवाचा अनुभव सांगा म्हटलं की लोक हात जोडून आनंदाने सांगतात. मला तसं जमणार नाही. माझ्या अनुभवात देवापेक्षा माझी चूकच मोठी आहे, आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं काही सांगताच येत नाही.

आम्ही भांडगावजवळच्या वस्तीवर राहणारे धनगर. आजोबांपर्यंत मेंढरं होती, आता ऊस आणि चार गाई. वस्तीवर बिरोबाचं देऊळ आहे आणि रविवारच्या आरतीला ढोल वाजवायचा मान आमच्या घराचा. अशाच एका आरतीनंतर माझी बायको देवापुढे डोकं टेकवायला वाकली आणि तिथेच कोसळली. डोळे फिरले, हातपाय ताठ झाले. म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, "देव आला गं बाई अंगात!" मी गळ्यातला ढोल काढला आणि तिच्या कपाळाला भंडारा फासला. माझ्याच हाताने.

मग बहुतेक रविवारी हे होऊ लागलं. लोक तिच्या पायावर डोकं ठेवायचे. पोरीचं लग्न कधी जमेल, बोअर कुठे घ्यावी, असलं काहीबाही विचारायचे. शुद्धीवर येताना ती जे पुटपुटायची त्याचा अर्थ मी लावून सांगायचो. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायला लागलं होतं. ज्याला कुत्रं विचारत नव्हतं त्याच्या दारात मोटारसायकली उभ्या राहत होत्या.

ती मात्र सांगत होती. "आवो, डोकं फुटतंय माझं. वाकलं की घण बसत्यात." मी म्हणायचो, "देवाचा भार हाय तो. सोसावा लागतोय." एकदा ती गोठ्यात शेण काढताना पडली. तिथे ना ढोल, ना आरती. तरी मी लोकांना सांगितलं की देव आता गोठ्यातही येतो. पुढे पुढे ती चहा कपाच्या बाहेर ओतायला लागली. "लक्ष कुठं हाय तुझं?" म्हणून मी हसलो होतो. 

त्या उन्हाळ्यात फाट्यावर एसटी बंद पडली आणि एक पांढऱ्या साडीतली वयस्कर बाई सावलीला म्हणून आमच्या देवळाच्या ओट्यावर येऊन बसली. शिरूरकडची होती. उभी हयात मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून गेलेली. गळ्यात बारीक क्रूस. तिने पाणी मागितलं. माझी बायको तांब्या घेऊन देवळापुढच्या रांजणात वाकली आणि रांजणापाशीच आडवी झाली. पाठोपाठ उलटी. मी सवयीने भंडाऱ्याच्या वाटीकडे धावलो. त्या बाईने मात्र तिला कुशीवर वळवलं, स्वतःच्या पदराने तोंड पुसलं, पापण्या वर करून डोळे पाहिले.

"दादा, ही वाकली की पडती का?" तिने विचारलं.

"देव येतोय तिच्या अंगात," मी म्हणालो.

"त्यातलं मला न्हाई कळत. पन डोक्यात कायतरी अडकलंय हिच्या. पुण्याला न्या, डोक्याचा एमआरआय करा. उद्यावर टाकू नका."

माझा तोल सुटला. "तुमचा देव येगळा, आमचा येगळा. तुमी न्हाई ह्यात पडायचं."

"देव आसंल येगळा," ती शांतपणे म्हणाली. "डोकं समद्यांचं सारखंच आसतंय." तेवढ्यात फाट्यावर दुसऱ्या गाडीचा हॉर्न वाजला आणि ती गेली. नाव विचारायचं मला सुचलं नाही.

तरी तिचं बोलणं मनातून जाईना, म्हणून मी आमच्या रीतीप्रमाणे कौल लावला. देवाच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवली. उजवं पडलं तर न्यायचं, डावं पडलं तर नाही. बसून राहिलो. फुलं सुकली, पण एकही पडलं नाही. देव बोललाच नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो मीच. पाठीमागे बायको भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "मला न्या वो. देव आसंल तर कुठं जातोय? हितंच ऱ्हाईल." फुलं तशीच ठेवून मी तिला घेऊन निघालो. देवाला न विचारता केलेलं माझ्या आयुष्यातलं ते पहिलं काम.

पुण्यातल्या डॉक्टरांनी फोटो समोर धरला. मेंदूच्या मधोमध, जिथून आतलं पाणी वाहतं त्या वाटेच्या तोंडाशी, हरभऱ्याएवढी एक गाठ होती. तिला कोलॉइड सिस्ट म्हणतात. कॅन्सर नाही, फार क्वचित कुणाला होते. पण वाकलं की वाट बुजायची आणि पाणी डोक्यात तुंबायचं. पाटात ढेकूळ अडकलं की मागचा बांध फुटतो, हे मला कुणी शिकवायला नको होतं. "आठवडाभर उशीर केला असता तर एखाद्या वेळी ही पडली ती उठलीच नसती," डॉक्टर म्हणाले. कवटीला भोक पाडून दुर्बिणीने गाठ काढायची होती. जीव वाचेल, पण नजर आणि आठवण यांची खात्री नव्हती. मी सही केली. ऑपरेशन चाललं त्या सहा तासांत मला एकही आरती आठवली नाही. "तुझं तू बघ," एवढंच म्हणत होतो, आणि कुणाला म्हणत होतो तेही ठाऊक नव्हतं.

ती वाचली. नजर अर्धी राहिली. जुनं सगळं आठवतं, माहेर, लग्न, मेंढरांची नावं. नवीन काही टिकत नाही. दारात मोटारसायकली यायच्या बंद झाल्या. एकाने तर तोंडावर विचारलं, "देव सोडून गेला व्हय रं तुमाला?" मी त्या बाईला शोधायला दोनदा शिरूरला जाऊन आलो. ती सापडली नाही.

रोज सकाळी बायको डोक्यावरची खूण चाचपते आणि विचारते, "हे काय झालंय वो मला?" रोज मी पहिल्यापासून सांगतो. भंडारा, पायावरची डोकी, देवाचा भार हाय म्हणालो ते, गोठ्यातलं खोटं, काहीही गाळत नाही. कधी ती रडते, कधी तोंड फिरवते, बहुतेक दिवशी माझ्या हातावर हात ठेवते. तिने दिलेली माफी दुसऱ्या दिवशी तिच्यापाशी उरत नाही. मला ती पुन्हा मागावी लागते. पूर्वी मला वाटायचं, देवापुढे डोकं टेकवलं की शरण जाणं झालं. आता कळतं, ते रोज नव्याने करायचं काम आहे, आणि समोरून काय मिळेल ते आपल्या हातात नसतं. तरी तिच्याकडून रोज माझं ऐकून घेतलं जातं, याहून मोठी कृपा मी मागू धजत नाही.

सगळं ऐकून झालं की ती हमखास एकच विचारते.

"त्या बाईला पानी दिलं का मग कुनी?"

नव्हतं दिलं. त्या गडबडीत ती तशीच तहानलेली गाडीत चढली होती. मी रोज खरं सांगतो, "न्हाई."

"मग रांजण भरून ठिवा," ती म्हणते. "येईल ती."

देवळापुढचा रांजण मी आता कमरेइतक्या ओट्यावर चढवला आहे, कुणाला वाकावं लागू नये म्हणून. कळशी उचलतो आणि भरायला जातो.