पुढच्या चाकांचा दांडा

१९७१ च्या नोव्हेंबरात माझी पोस्टिंग पश्चिम सीमेवरच्या एका पायदळ पलटणीच्या मोटार ट्रान्सपोर्ट प्लाटूनमध्ये होती. मी हवालदार होतो. नऊ गाड्या, त्यांचे ड्रायव्हर आणि लॉगबुके माझ्या ताब्यात होती.

सकाळी सव्वासहाला फर्स्ट परेड. फौजेत माणसांप्रमाणे गाड्यांचीही परेड असते, हे ऐकून सिव्हिलमधल्या लोकांना हसू येते. ड्रायव्हर बॉनेट उघडून इंजिन ऑइल, रेडिएटरचे पाणी, बॅटरी, टायर आणि ब्रेक पाहतो. मग खाली वाकून जमिनीवर तेलाचा डाग पडला आहे का, ते बघतो. त्याशिवाय गाडी हलत नाही. याखेरीज सांध्यांना ग्रीस देण्यासारखी आठवड्याची कामे वेगळी. ती झाली की लॉगबुकात सही.

लान्स नाईक डोमाजी मेश्राम भिवापूरचा होता. मी नागपूरचा, म्हणून एकांतात तो माझ्याशी घरच्या बोलीत बोले. त्याला प्रत्येक गोष्टीचे ‘काहून’ हवे असे. जीपला पुढची चाके जोडायचा वेगळा दांडा असतो. एरवी मागची दोनच चाके गाडी ढकलतात, रेती-चिखलात दांडा टाकला की चारही. डांबरी रस्त्यावर तो टाकायचा नाही, असा नियम होता.

“काहून?” डोमाजीने विचारले.

मी मॅन्युअल काढून वाचले. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. मऊ जमिनीत ती थोडी घसरतात आणि फरक भरून निघतो. कडक रस्त्यावर घसरता येत नाही, ताण गिअरमध्ये साचतो आणि दांडा अडकतो. मग गाडी थोडी मागे घेतली की तो सुटतो.

डोमाजीचे एवढ्याने समाधान झाले नाही. त्याने पुढच्या आणि मागच्या एकेका चाकाला चिंधी बांधली, गाडी गोल फिरवली आणि आम्हा दोघांना फेरे मोजायला लावले. पुढच्या चाकाचे जास्त भरले.

“मॅन्युअल खरं बोलून राहिलं, साहेब,” तो म्हणाला.

तेव्हापासून दर रविवारी तो जीप रेतीवर नेई. दांडा टाकून पन्नास पावले पुढे, दहा मागे, मग दांडा काढायचा. न वापरलेला दांडा गंजतो, हे त्याने स्वतः शोधले होते.

डिसेंबरात लढाई सुरू झाली. आमची ती जीप निकामी झाली आणि तिच्या बदल्यात दुसऱ्या युनिटची वापरलेली जीप आली, संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी सकाळी ०५४० ला वायरलेसवर ऑर्डर आली. पुढच्या कंपनीत दोन जखमी, ताबडतोब आणायचे. वाट कोरड्या नाल्यातून होती.

डोमाजी म्हणाला, “साहेब, वीस मिनिटं द्या. या गाडीचं मले काहीच माहीत नाही.”

“दहा,” मी म्हणालो.

दहा मिनिटांत ऑइल, पाणी, टायर आणि ब्रेक झाले. मी तोवर जुन्या युनिटचे लॉगबुक चाळले. दर आठवड्याच्या कामापुढे सही होती. एकसारखी शाई, सुरेख अक्षर. मला चांगले अक्षर आवडते. मी त्यावर विसंबलो आणि डोमाजीला निघायला सांगितले. मीही बरोबर गेलो.

जखमींना घेऊन परतताना नाल्याच्या रेतीत मागची चाके रुतली. डोमाजीने दांडा ओढला. तो हलला नाही. दोघांनी ओढला, तरी नाही.

“चार्ली टू, कहाँ हो? ओव्हर,” जीपमधल्या वायरलेसवर पलटणीने विचारले.

“नाले में. गाडी फँसी है. ओव्हर.”

“जल्दी निकलो. गोला आ रहा है. आउट.”

डोमाजीने हातोडी घेतली. “तुमी स्टिअरिंगवर बसा. मी म्हणीन तवा ओढजा.” तो गाडीखाली, दांड्याच्या गंजलेल्या सांध्यापाशी शिरला. तीन घाव ऐकू आले. “ओढा!” दांडा जागेवर बसला. “चला, मी मागून लावतो जोर!” चारही चाकांनी रेती धरली आणि मी काठ चढलो. मागे नाल्यात गोळा पडला. ०६४१.

दोन्ही जखमी वाचले.

डोमाजीच्या घरी पत्र मी लिहिले. कर्तव्य बजावताना गेला, असे लिहिले. वीस आणि दहा मिनिटांचे लिहिले नाही.

१९७८ मध्ये मी पेन्शनीवर नागपूरला आलो. दोन वर्षांनी एका दुपारी माझ्या इंदोऱ्यातल्या घरासमोर फौजी रंगाची जुनी जीप थांबली. उतरले ते डोमाजीचे थोरले भाऊ श्यामराव. त्यांची मिरचीची शेती आहे. पावसाळ्यात काळ्या मातीतून माल काढायला त्यांनी कामठीच्या फौजी लिलावात जीप घेतली होती.

“जय भीम, हवालदार साहेब. तुमच्या खात्यातलीच पोरगी हाय. पाहा कशी हाय ते. मले सांजेपर्यंत भिवापूर गाठाचं हाय.”

जुनी गाडी घेतली की आधी तेले बदलावीत. इंजिन, गिअरबॉक्स, चारही चाकांना ताकद वाटणारा ट्रान्सफर केस, पुढचा अॅक्सल, मागचा अॅक्सल. मी एकेक नट सोडू लागलो आणि श्यामराव उकिडवे बसून पाहू लागले. पुढच्या अॅक्सलमधून दुधाळ तेल आले.

“हे चायसारखं काहून?”

“पाणी शिरलंय. गाडी कधीतरी नदीतून गेलीय.”

“कोन्त्या?”

“ते तेलावरून कळत नाही.”

त्यांनी बोट बुडवून वास घेतला. मग ग्रीसगन मागून घेतली. जुने काळे ग्रीस बाहेर पडून नवे दिसेपर्यंत दाबायचे, हे त्यांना फार आवडले. “एवढी आंघोळ तर लग्नात माझीही नाही झाली,” ते म्हणाले.

शेवटी मी दांडा ओढला. तो हलला नाही. गाडी मागे घेऊन पाहिली, तरी नाही. खालचा सांधा गंजला होता.

“घासलेट टाकून रात्रभर मुरू द्यावं लागेल,” मी म्हणालो. “उद्या निघा.”

“राहू द्या नं गा. घरापर्यंत तर डांबरी हाय.”

“नाही.”

“काहून?”

तोच आवाज होता. नऊ वर्षे मी त्या प्रश्नाची वाट पाहत होतो की त्याला टाळत होतो, सांगता येत नाही. मी सांगितले. नाला, दांडा, हातोडीचे तीन घाव. त्याने मागितलेली वीस मिनिटे आणि मी दिलेली दहा. लॉगबुकातले सुरेख अक्षरही सांगितले.

श्यामराव ग्रीसगन हातात धरून ऐकत होते.

“पत्रात तं हे नव्हतं,” ते म्हणाले.

“नव्हतं.”

ते उठले. मला वाटले, जातील. त्यांनी सदरा काढून कडुनिंबाच्या फांदीला अडकवला, गोणपाट अंथरले आणि जीपखाली सरकले.

“घासलेट द्या इकडे. त्याचा हात कुठं पोचला होता, ते दाखवा.”

मी बाजूला आडवा झालो आणि सांधा दाखवला. त्यावर हात ठेवून ते बराच वेळ पडून राहिले. मीही उठलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ०७१० ला तीन-चार घावांत सांधा सुटला. आम्ही कन्हान नदीच्या रेतीवर गेलो. पन्नास पावले पुढे, दहा मागे. दांडा टाकला, काढला. मी त्यांना एक कोरी वही दिली आणि आठवड्याचे रकाने आखून दिले. मग ते भिवापूरला गेले.

आता महिन्यातून एकदा त्यांचे पोस्टकार्ड येते. ‘चारी रविवार दांडा चालला.’ अक्षर वेडेवाकडे असते आणि कडेला ग्रीस लागलेल्या अंगठ्याचा ठसा असतो. कार्डे मी जपून ठेवतो. ज्याच्यासाठी ती येतात, त्याची नोंद त्या वेळी मी अपुरी केली होती. ती येथे पूर्ण करतो.

लान्स नाईक डोमाजी मेश्राम, ड्रायव्हर. राहणार भिवापूर. वय सव्वीस. वीस मिनिटे मागितली होती.