आधी हातात दे

अम्मीच्या वडिलांचं चाळिसावं उरकलं आणि पुढच्याच आठवड्यात मामू मेडशीहून रिसोडला आमच्या घरी आला. हातात अम्मीसाठी साडी आणि काचेच्या बांगड्या. ईद नव्हती, घरात लग्न नव्हतं. मला तिथंच शंका आली.

बापाच्या शेतात मुलाचे दोन भाग, मुलीचा एक, हे आमच्या मोहल्ल्यात सगळ्यांना पाठ आहे. तो एक भाग मुलीनं माफ करायचा, हेही. माफ करणारीला माहेर राहतं.

जेवण होईपर्यंत मामू सोयाबीनवरच बोलला. हात धुताना म्हणाला, "आपा, उद्या तालुक्याले जाऊन येऊ. एक सही हाय."

"कायची रे?"

"हक्कसोडची. तुले काय करायचं हाय वावर? तुहा भाऊ जिता हाय ना!"

"जिता हायेस म्हणूनच इचारून राह्यली. मंग कोणाले इचारू?"

मामू हसला. मी हसले नाही. अम्मीनं बांगड्या हातात भरल्या होत्या. ती विरघळणार, असं मी धरून चालले होते.

"माफ करायले मी तयार हाय," ती म्हणाली. "पण जे हातातच नाही आलं, ते माफ कसं करू? आधी सातबाऱ्यावर माहं नाव चढव, माहा तुकडा दाखव. मंग मले वाटलं तं देईन."

"हे तुले मौलानानं शिकवलं का या पोरीनं?"

"काहून? मले डोकं नाही?"

ताब्यात न आलेली वस्तू बक्षीस देता येत नाही, हे मामूनंही मशिदीत ऐकलेलं होतं. बहीण ते बोलून दाखवेल, हे त्यानं धरलं नव्हतं.

पुढे तलाठ्याकडे वारस म्हणून दोघांचीही नावं लागली. मामूनं एकदाही खळखळ केली नाही, हे मला अजून खटकतं.

बकरी ईदला आम्ही मेडशीला गेलो. बोलावणं नव्हतं. मामीनं ट्रेमधून चहा आणला, परक्या पाहुण्यांना आणतात तसा.

अम्मी उठली. "चाल, माहा तुकडा दाखव."

मामूनं ओसरीतूनच हात केला. "ते सारं दिसते नं, त्यातच हाय."

"धुऱ्यावर चाल, बांध दाखव. मी थांबली हाय."

मामू चपला शोधायला आतल्या खोलीत गेला. त्या घरात चपला दाराबाहेर काढतात.